भजनी मंडळातल्या मामाला वू-टँगचा पहिला अल्बम ऐकवायचाय, सुरुवात कुठल्या गाण्यानं करू?

येळ्ळूरचा_पोरगा
मंडळी, मदत पाहिजे. माझा मामा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो, तीस वर्षं झाली. सप्त्यात रात्रभर बसला तरी सकाळी हात तसाच ताजा. परवा पहाटे त्याला पिकअपमध्ये घेऊन बेळगावला भाजी टाकायला चाललो होतो आणि गाडीत वू-टँग क्लॅनचा पहिला अल्बम लागलेला, ‘एंटर द वू-टँग (थर्टी सिक्स चेंबर्स)’. मामा वडगाव येईपर्यंत गप्प. मग म्हणाला, "कोण भांडूलेत रे हे?" मी म्हटलं भांडण नाही मामा, गाणं हाय. तर म्हणाला, "गाणं हाय तर मग एकदा बसून ऐकव. गाडीच्या आवाजात काय कळणार?"

आता हा माणूस असं कधी म्हणत नाही. रेडिओवर काही लागलं तर दोन मिनिटांत बंद करायला लावतो. म्हणजे कानाला काहीतरी लागलंय त्याच्या. मला हा चान्स घालवायचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: न्यूयॉर्कचं स्टेटन आयलंड, तिथला नऊ पोरांचा रॅप ग्रुप, ९ नोव्हेंबर १९९३ ला आलेला अल्बम. रिझा नावाच्या एकानंच जवळपास सगळं संगीत केलं. पैसा कमी, स्टुडिओ लहान, आवाज असा की रेकॉर्डवर माती बसलीय. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा एक शब्द कळला नव्हता पण अंगावर काटा आला होता, आणि आज दहा वर्षं झाली, महिन्यातनं एकदा तरी पूर्ण ऐकतो, मधलं एक गाणं गाळत नाही. मला तर वाटतं हिपहॉपमध्ये असा पहिला अल्बम दुसरा झालाच नाही.

तर सांगा, साठीच्या पखवाजवाल्याला पहिलं गाणं कुठलं?

टिळकवाडी_तिसरं_गेट
‘क्रीम’. विषय संपला.

निपाणीकर
+१ ‘क्रीम’. सुरुवातीचा तो पियानो ऐकून दगड पण थांबेल. द चार्मल्स नावाच्या बायकांच्या ग्रुपचं १९६७ चं गाणं आहे, त्यातला तुकडा उचललाय. आणि विषय पण मामांना कळेल, पैशाभोवती सगळं फिरतंय एवढंच तर म्हणतात ते. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, हेच सांगेल.

उद्यमबाग_लेथ
‘क्रीम’ चांगलंच आहे पण पखवाजवाल्याला पियानो कशाला ऐकवताय? त्याला ठेका ऐकवा. ‘दा मिस्टरी ऑफ चेसबॉक्सिन’ लावा. ढोल बघा कसा पडतो. मी दिवसभर लेथवर असतो, आमच्या शेडमध्ये शेजारी फाउंड्रीची मशीन धाड धाड चालू असते, त्या आवाजात दुसरं कुठलंच गाणं टिकत नाही, हे एकच टिकतं, कारण हे त्याच आवाजाचं बनलंय असं वाटतं. पॉलिश नाही मारलेलं. कास्टिंग साच्यातनं काढल्या काढल्या जसं असतं ना, कडा खरखरीत, तसं. नंतर खूप जणांनी तसा आवाज काढायचा प्रयत्न केला, पण ते मुद्दाम खरवडलेलं कळतं.

शहापुरी_लेक
मी पण हा अल्बम ऐकतो, कॉलेजपासनं. पण एक बोलू का? सगळे ‘क्रीम’ ‘क्रीम’ करूलेत, मला विचाराल तर ‘टिअर्झ’. त्यात एक बाई गाते, वेंडी रेने, १९६४ चं तिचं गाणं आहे, हसण्यानंतर रडणं येतं अशा अर्थाचं. तिच्या त्या आवाजावर रिझा सांगतो की धाकट्या भावाला दुकानात ब्रेड आणायला पाठवलं आणि तो परत आलाच नाही. पुढच्या कडव्यात एड्स झालेल्या मित्राची गोष्ट. १९९३ मध्ये एवढ्या आडदांड पोरांनी हे म्हटलंय! मी पहिल्यांदा शब्द वाचत ऐकलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, चांगलं रडून घेतलं.

पुणे_३०
छान लिहिलंय. एक विचारू? नाव ‘लेक’ आणि लिहिता ‘ऐकतो’?

शहापुरी_लेक
आमच्यात बायका पण ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात हो. माझी आजी पण म्हणायची. बेळगावला या, बाजारात भाजीवाल्या मावशीला विचारा कुठं जाता, ती ‘घरला जातो’ म्हणेल.

पुणे_३०
हे माहीतच नव्हतं. भारी!

टिळकवाडी_तिसरं_गेट
पुणेकरांना आपण काहीतरी शिकवलं, तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी :)

कुंदा_अर्धा_किलो
माझी आठवण सांगतो, जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

मी १९९७ ला बारावीला होतो. आमचा चुलतभाऊ म्हापशाला नोकरीला, त्याच्याकडं सुट्टीला गेलो की शुक्रवारच्या बाजारात फिरायचो. तिथं एक गोरा पोरगा परत जायच्या आधी आपलं सामान विकत बसला होता, चपला, पुस्तकं, एक टॉर्च आणि दहा-बारा कॅसेटी. एका कॅसेटवर मुखवटे घातलेली माणसं आणि मध्ये पिवळं चिन्ह. मला वाटलं हॉरर पिक्चरचं म्युझिक असेल म्हणून घेतली. चोर्ला घाटातनं बसनं परत येताना वॉकमनमध्ये घातली, पाऊस असा की काचेबाहेर काही दिसत नव्हतं, आणि कानात तलवारी! चिनी पिक्चरमधले डायलॉग, खणखणाट, मग ते ओरडणं. कॅसेटच्या एका बाजूला ‘शाओलिन स्वोर्ड’ लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ‘वू-टँग स्वोर्ड’. साइड ए, साइड बी नाहीच.

आता आमच्या पिढीला कँपातल्या थेटरात कुंग फू पिक्चर बघायची सवय. त्यामुळं मला ते परकं वाटलंच नाही. उलट वाटलं, अरे, ही पोरं पण आमच्यासारखीच मॅटिनीला बसत होती की! नंतर कळलं, अल्बमचं नावच ‘द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ या १९७८ च्या हाँगकाँगच्या पिक्चरवरनं घेतलंय. आणि ३६ चा दुसरा हिशोब पण ते सांगतात, नऊ जण, प्रत्येकाच्या काळजात चार कप्पे, नऊ चोक छत्तीस.

ती कॅसेट गल्लीत एवढी फिरली की शेवटी टेप बाहेर आली. पेन्सिल घालून गुंडाळली, परत लावली. मधला तीन सेकंदाचा तुकडा कुरतडलेला होता. आज मोबाईलवर ऐकतो तरी त्या जागी माझा कान अडखळतो, वाटतं आता कुरकुर येणार.

जांबोटी_जंगल
नऊ चोक छत्तीस, हे मला आज कळलं. अंगावर आलं एकदम.

मिरची_संकेश्वर
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे नेहमी अंडरग्राउंड अंडरग्राउंड म्हणतात, पण १९९५ पर्यंत अमेरिकेत १० लाख कॉप्यांचं प्लॅटिनम सर्टिफिकेट मिळालेल्या अल्बमला अंडरग्राउंड कसं म्हणायचं? मोठ्या कंपनीचं वितरण होतं. आज तर त्यांच्या चिन्हाचे टी-शर्ट आपल्या खडे बाजारात पण लटकतात.

उद्यमबाग_लेथ
@मिरची, आधी पूर्ण गोष्ट बघा. ‘प्रोटेक्ट या नेक’ हे गाणं त्यांनी आधी स्वतःच्या हिमतीवर काढलं, कंपनी-बिंपनी नसताना. ते गाजल्यावर कंपन्या आल्या. त्याच्याही आधी रिझा आणि ग्रुपमधलाच जिझा, दोघांनी १९९१ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांकडनं एकेकट्यानं रेकॉर्ड काढून बघितले होते, चालले नाहीत. म्हणून ‘प्रोटेक्ट या नेक’चं शेवटचं कडवं ऐका, जिझा रेकॉर्ड कंपन्यांना सरळ धुतो. आणि लाउड रेकॉर्ड्सशी करार करताना अट काय घातली? ग्रुप तुमच्याकडं, पण प्रत्येक गडी एकटा कुठल्याही दुसऱ्या कंपनीकडं जायला मोकळा. असा करार तोपर्यंत कोण करत होतं? मग मेथड मॅन डेफ जॅमकडं, ओल डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडं, जिझा गेफेनकडं. एकाच घरातले भाऊ वेगवेगळ्या मालकांकडं कामाला, आणि संध्याकाळी जेवायला एकाच चुलीवर. १० लाख विकले म्हणून ती खरखर कमी झाली काय? मला अंडरग्राउंड म्हणजे हेच वाटतं.

मिरची_संकेश्वर
कराराचं माहीत नव्हतं. मान्य. टी-शर्टचं मात्र मान्य नाही, मी घेतलेला पहिल्या धुण्यात फिका झाला.

वडगाव_माग
आमच्या घरी माग होते, आज्जाच्या वेळी हातमाग, बाबांच्या वेळी पॉवरलूम. रात्री झोपताना पण खटाक् खटाक् चालूच. मला लहानपणी त्या आवाजाशिवाय झोप यायची नाही. ‘ब्रिंग दा रकस’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं हे तर आमच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केलंय! धोटा आपटल्यासारखा स्नेअर ड्रम.

पण मुद्दा वेगळाच मांडायचाय. स्टेटन आयलंड हा न्यूयॉर्कच्या पाच भागांतला सगळ्यात कमी वस्तीचा. मॅनहॅटनला जायचं तर फेरी बोट. हिपहॉपचं सगळं नाव ब्राँक्स, क्वीन्स, ब्रुकलिनचं, इकडं कोण बघतंय? तर या पोरांनी काय केलं, आपल्या बेटाला सरळ शाओलिन म्हणायला सुरुवात केली. कुणाची परवानगी नाही, काही नाही. तुम्ही आम्हाला नकाशावर दाखवत नाही तर आमचा नकाशा आम्हीच काढतो.

आपल्याला मुंबई पण पाचशे किलोमीटर, बेंगळूर पण पाचशे. मुंबईला गेलो की म्हणतात तुमच्या मराठीत कानडी हाय, बेंगळूरला गेलो की म्हणतात तुमच्या कानडीत मराठी हाय. मी दोन्हीकडं नोकरी केली, दोन्हीकडं तोंड दाबून बोललो. या अल्बमनं मला एक शिकवलं, की तोंड दाबायचं नाही. ती पोरं आपल्या गल्लीतल्या भाषेतच बोलतात, बाहेरच्याला कळो न कळो. हजारो मैलांवरच्या मला काही कळत नव्हतं तरी मी ऐकलंच की.

खानापूर_पाऊस
हे वाचून उठून उभा राहिलो बाबा.

चिकोडी_एक्स्प्रेस
वडगावभाऊ, एकदम काळजातलं. आपल्याकडं पण असा अल्बम व्हायला पाहिजे, बेळगावी मराठी, कानडी, दखनी उर्दू, थोडी कोकणी, सगळं एकाच गाण्यात. आपण रोज तसंच तर बोलतो, दुकानात एका वाक्यात तीन भाषा.

पुणे_३०
मुंबईत ‘स्वदेशी’ ग्रुपनं असं केलंय, मराठी, हिंदी, गुजराती वगैरे एकत्र. २०१९ चं त्यांचं आरेच्या जंगलावरचं, वारली लोकांबद्दलचं गाणं ऐका. प्रकाश भोईर यांचा आवाज आहे त्यात.

चिकोडी_एक्स्प्रेस
ऐकलंय, फार आवडतं. पण ती मुंबई. मला ‘काय करूलास’ पाहिजे.

पोवाडा_पहाट
इथं कुणी अजून शाहिरी आणली नाही याचं आश्चर्य वाटतंय. आपल्याकडं अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक होतंच की. तीन वेगवेगळे गळे, एक पथक, गिरणगावातली माणसं समोर. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अण्णाभाऊंनी छक्कड लिहिली तीत बेळगाव आहेच. वू-टँगमध्ये नवीन काय? रॅप म्हणजे पोवाडाच.

उद्यमबाग_लेथ
रॅप म्हणजे पोवाडा हे मला पटत नाही दादा. पोवाड्यात शाहीर गोष्ट सांगतो, झीलकरी मागनं जी जी धरतात. मुख्य एकच. इथं नऊच्या नऊ शाहीर, झीलकरी कुणी नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला मागं टाकायला बघतोय.

पोवाडा_पहाट
मग सवाल-जवाब म्हणा.

उद्यमबाग_लेथ
सवाल-जवाबाच्या जवळ आहे, हो. ‘चेसबॉक्सिन’मध्ये ऐका, यू-गॉड सुरू करतो, मग इन्स्पेक्टा डेक, रेक्वॉन, ओडीबी (म्हणजे ओल डर्टी बास्टर्ड), घोस्टफेस, आणि सगळ्यात शेवटी मास्टा किला. त्याचं अख्ख्या अल्बममध्ये हे एकच कडवं. एकच! आणि काय शांतपणे येतो, बाकीचे ओरडून गेल्यावर. एवढ्या एका कडव्यावर माणूस नवव्या पाटावर बसला.

शहापुरी_लेक
पोवाडादादा, जोडायची घाई नको असं मला पण वाटतं. अण्णाभाऊंचं मोठेपण वेगळं आहे, त्यांना मोठं ठरवायला वू-टँग लागत नाही, आणि उलटं पण. दोन्ही ऐकू की.

आणि विषय निघालाच आहे तर, या अल्बममध्ये बायकांबद्दल जे काही म्हटलंय ते काही ठिकाणी मला आवडत नाही. दहा-पंधरा वर्षं प्रेमानं ऐकतो तरी आवडत नाही. ते कडवं आलं की मी शब्दांवरनं कान काढून ठेक्यावर नेतो. अल्बम सोडवत नाही, पण ते बरं आहे असं पण मी म्हणणार नाही.

पोवाडा_पहाट
बरोबर आहे ताई. दोन्ही मुद्दे.

खानापूर_पाऊस
येळ्ळूरकर, एक अतिमहत्त्वाची सूचना. ‘मेथड मॅन’ हे गाणं मामांसमोर सुरुवातीपासनं लावू नका!! आधी दोघं जण एकमेकांना कसे कसे हाल करू हे सांगत बसतात. मी एकदा घरी स्पीकरवर लावलं होतं, आमची आत्या देवघरातनं बाहेर आली. इंग्रजी कमी कळतं म्हणून वाचलो, पण सूर तिला बरोबर कळला.

टिळकवाडी_तिसरं_गेट
हाहाहा आत्याला सूर कळणारच!

जांबोटी_जंगल
ओडीबीबद्दल कुणी बोललं नाही अजून. रिझा, जिझा आणि तो, तिघं चुलत-मावस भाऊ. निम्मं गातो, निम्मं ओरडतो, मधेच सूर लावतो, लगेच मोडतो. देवीच्या जत्रेत अंगात आलेला माणूस बोलतो ना, पुढचा शब्द काय येणार कुणालाच माहीत नसतं, तसं. १३ नोव्हेंबर २००४ ला गेला, ३६ वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. या अल्बमवर आहे तेव्हा नुसता पंचविशीत आलेला. दर नोव्हेंबरला मी ९ तारखेला अल्बम लावतो आणि १३ ला परत एकदा, फक्त त्याच्यासाठी.

निपाणीकर
आता आपण धाग्याच्या मूळ प्रश्नापासनं गोव्याला पोचलोय. येळ्ळूरचा पोरगा कुठं गेला? ऐकवलं का मामाला?

येळ्ळूरचा_पोरगा
ऐकवलं. काल रात्री. सगळं सांगतो.

जेवण झाल्यावर देवळाच्या मागच्या कट्ट्यावर बसलो, मी माझा छोटा स्पीकर घेऊन गेलो होतो. पाऊस थांबलेला, राजहंसगडावर ढग. मामानं पखवाज नव्हता आणला पण मंडळातले अजून दोघं आले, एक पेटीवाले आणि एक टाळकरी. म्हणजे माझ्यासमोर तीन परीक्षक!

आधी मी गाणं लावलंच नाही. अल्बमच्या मध्यावर एक तुकडा आहे, त्यात मुलाखतीसारखं एकेक गड्याची ओळख करून देतात, कोण कसा. मी त्यावरनं मराठीत सांगितलं, हा शांत, हा आडवा, हा सगळ्यात हुशार. पेटीवाले म्हणाले, "हा तर पात्रपरिचय झाला." मग लेथभाऊंचं ऐकून ‘चेसबॉक्सिन’. मामा डोळे मिटून बसला. संपल्यावर म्हणाला, "एवढ्या जणांत पाळी कशी ठरवतात?" मी म्हटलं त्यांच्यात चढाओढ लागायची, ज्याचं चांगलं व्हायचं त्याला गाण्यात जागा. तर तिघांनी एकमेकांकडं बघितलं. टाळकरी म्हणाले, "आपल्यात पण चाल कुणी उचलायची हे असंच ठरतं, तोंडानं कुणी सांगत नाही."

मग ‘क्रीम’. इथं मामाचा हात मांडीवर चालू झाला. दोनदा चुकला. मी मामाला ठेका चुकताना जन्मात बघितलं नाही! तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि मग म्हणाला, "हा मागं बसतोय. केसभर मागं. चुकून न्हवं, मुद्दाम बसतोय. असं बसायला फार धीर लागतो रे." मी दहा वर्षं ऐकतोय, मला हे शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं.

इन्स्पेक्टा डेकच्या कडव्याचा अर्थ सांगितला, पंधराव्या वर्षी जेलात गेला, स्वप्नं सगळी फसली. मामा काही बोलला नाही. मग शहापूरताईंचं ‘टिअर्झ’ लावलं, आणि आई धाकट्या भावाला ब्रेड आणायला पाठवते ते सांगितलं. पेटीवाले उठून जरा लांब जाऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ हायवेला गेला, सोळा वर्षं झाली, मी ते विसरलो होतो. मला फार वाईट वाटलं, बंद करायला हात पुढं केला तर तेच तिकडनं म्हणाले, "राहू दे. ती बाई गाऊलीय ना, तिला गाऊ दे."

नंतर घरी जाताना मामा एवढंच म्हणाला, आधीच्या गाण्यात मागं जी बाई आहे आणि या गाण्यात जी आहे, त्या दोघींची मूळ गाणी पूर्ण मिळतील का. पहाटे गाडीत ऐकायला.

शहापुरी_लेक
मी हे ऑफिसात वाचूलोय आणि डोळे पुसूलोय.

वडगाव_माग
‘असं बसायला फार धीर लागतो’. मामांना माझा नमस्कार सांगा.

उद्यमबाग_लेथ
केसभर मागं! आज शेडमध्ये चारदा लावलं फक्त तेवढं ऐकायला. खरंच बसतोय.

कुंदा_अर्धा_किलो
दोन्ही मूळ गाणी आहेत माझ्याकडं, चार्मल्सचं पण आणि वेंडी रेनेचं पण, चांगल्या आवाजात. पिकअपला पेनड्राइव्ह चालतो का? रविवारी येळ्ळूरला येतो घेऊन.

येळ्ळूरचा_पोरगा
चालतो. या. मामाला सांगतो, पेटीवाल्यांना पण.

खानापूर_पाऊस
मी पण येऊ काय?

येळ्ळूरचा_पोरगा
विचारताय काय, या की. भजन आठला सुरू होतंय, त्याच्या आधी या.